टोळीतला शामन (मांत्रिक) दर वेळी पहिल्याच राऊंडला आडवा होतो, काय करू?

ओली_गुहा

मंडळी मदत हवीये. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर फाशांनी खेळायचा भूमिकांचा खेळ) ५ ई म्हणजे पाचवी आवृत्ती चालवतेय, म्हणजे डीएम मी, गोष्ट आणि शत्रू माझ्याकडे. २०१४ चे नियम, पार्टी चौथ्या लेव्हलला. पॅलाडिन (चिलखती योद्धा), रोग (चोर), विझार्ड आणि एक बार्ड (गायक) ज्याचं निम्मं आयुष्य व्हिशस मॉकरी या टोमण्यांच्या स्पेलवर (मंत्रावर) चाललंय. पुढचा भाग दलदलीत आहे, तिथे लिझर्डफोकची (सरडेमाणसांची) टोळी, आणि टोळीचा शामन हा त्या भागाचा कणा असायला हवा असं डोक्यात आहे.

प्रॉब्लेम असा की आमच्या टेबलवर टोळीतला कोणताही जादूवाला टिकतच नाही. हातात काठी आणि अंगावर पिसं असलेली मिनी (छोटी मूर्ती) टेबलवर ठेवली रे ठेवली की सगळ्यांचे डोळे तिकडेच. रोगचा स्नीक अटॅक, विझार्डची मॅजिक मिसाइल जी चुकतच नाही, संपला विषय. मागे ऑर्कचा आय ऑफ ग्रूम्श (त्यांचा पुजारी) आणला होता, ४५ एचपी (जीव), एसी (बचाव) १६, तरी बिचाऱ्याचा स्पिरिच्युअल वेपन हवेत यायच्या आधीच तो गेला आणि मग उरलेले ऑर्क नुसते रांगेत येऊन मार खात बसले.

आणि दुसरं म्हणजे समजा जगला तरी तो मला मुखवटा घातलेला विझार्डच वाटतो. गावातल्या विझार्डमध्ये आणि याच्यात फरक काय, तर याच्या काठीला कवटी आहे. एवढंच? एचपी वाढवून प्रश्न सुटणार नाही हे कळतंय मला. तुम्ही कसे चालवता? स्पेल बदलता का? प्लेअर त्याच्याशी बोलतील असं काही करता येतं का?

खडूस_कोबोल्ड

आधी एक सांग, तो समोर उभा का असतो? ज्याच्यावर सगळी टोळी अवलंबून आहे तो माणूस (बरं, सरडा) हल्लेखोर दिसल्यावर पिसं हलवत पुढे का येईल?

लिझर्डफोक शामनचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) नीट वाच, बदलायची गरजच नाहीये. २७ एचपी आहेत म्हणून सगळे त्याला हलका समजतात. पण तो पाचव्या लेव्हलचा कास्टर आहे, पोहतो ३० फूट, श्वास १५ मिनिटं रोखून धरतो आणि मगर होऊ शकतो. दलदलीत पाणी गुडघाभर नाही कमरेएवढं ठेव आणि तो पाण्यातच असतो असं धर. पार्टीला तो दिसायलाच नको पहिले दोन राऊंड.

आता स्पेल. यादीतले एंटँगल, फॉग क्लाउड, हीट मेटल, स्पाइक ग्रोथ, कॉन्ज्युर अ‍ॅनिमल्स हे सगळे कॉन्सन्ट्रेशनवाले, म्हणजे एका वेळी एकच. पण प्लँट ग्रोथला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही आणि हे लोक विसरतात. १०० फूट रेडियसमधली सगळी झाडंझुडपं दाट होतात आणि एक फूट सरकायला चार फूट मूव्हमेंट खर्च होते, म्हणजे ३० फूटवाला पॅलाडिन एका टर्नमध्ये जेमतेम एक चौकोन सरकणार. सेव्ह (बचावाचा फासा) नाही, काही नाही. आणि गंमत म्हणजे टाकताना हवा तो भाग वगळता येतो, त्यामुळे शामन स्वतःच्या लोकांसाठी पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवतो आणि पार्टी मधोमध अडकते. मग टोळीवाले ३० फुटांवरून भाले फेकतात, जवळ यायचं कारणच नाही. त्यावर दुसऱ्या राऊंडला स्पाइक ग्रोथ टाक, दर पाच फुटांना २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) डॅमेज. तुझी विझार्डबाई किंवा बुवा मिस्टी स्टेपने (क्षणात दुसरीकडे नेणारा स्पेल) बाहेर पडेल, पडू दे, एकटं पडलेलं विझार्ड टोळीला आवडतं.

पॅलाडिनसाठी हीट मेटल, म्हणजे अंगावरचा धातू तापवायचा. चेन मेल असेल ना? डॅमेजला सेव्ह नाही, २डी८, आणि जड चिलखत उतरवायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे लढाई संपेपर्यंत ते अंगावरच. पहिल्या टर्नला हीट मेटल, दुसऱ्या टर्नला अ‍ॅक्शन वापरून मगर आणि बोनस अ‍ॅक्शनने परत चटका, आणि सरळ पाण्याखाली. २०१४ च्या नियमात पुढचे चटके द्यायला शामनला पॅलाडिन दिसायला हवा असं लिहिलेलं नाही, अंतराची अटही पुढच्या टर्नला नाही. रूप बदललं म्हणून कॉन्सन्ट्रेशन तुटतं असंही कुठे नाही. फक्त हे एकदाच कर, दोनदा केलंस तर पॅलाडिनवाला पुढच्या सेशनला येणार नाही.

जुनी_आवृत्ती

वरचं सगळं बरोबर पण "मुखवटा घातलेला विझार्ड" हे का वाटतं त्याचं कारण नियमांच्या इतिहासातच आहे, थोडं लांब लिहितो, सहन करा.

१९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये टोळीतल्या जादूवाल्यांचा वेगळा छोटा भाग होता. दोन प्रकार. शामन म्हणजे टोळीचा क्लेरिक (देवाकडून जादू मिळणारा पुजारी), आणि विच डॉक्टर म्हणजे ज्याला त्याबरोबर थोडी मॅजिक-यूजरची (तेव्हाच्या विझार्डची) जादूही येते. कोणत्या जमातीत कोण कुठल्या लेव्हलपर्यंत जाईल याचा तक्ता, आणि शामन सातव्याच्या वर जायचा नाही. म्हणजे मुळातच कल्पना अशी की हा माणसांच्या क्लेरिकची कापलेली आवृत्ती, स्पेलची यादीही आखूड. पुढच्या वर्षी डेइटीज अँड डेमिगॉड्स आलं आणि ग्रूम्श, माग्लुबियेट, कुर्टुलमाक, सेमुआन्या ही मंडळी टोळ्यांना देव म्हणून मिळाली, त्यामुळे निदान शामन कुणाची प्रार्थना करतो हे तरी कळलं. बेसिक डी अँड डीच्या बाजूला वेगळीच पद्धत होती, तिथे शेवटी १९९१ च्या रूल्स सायक्लोपीडियात शामन आणि वोकान (मॅजिक-यूजरसारखा) अशी जोडी दिसते.

तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, अ‍ॅडेप्ट नावाचा एनपीसी (डीएमच्या पात्रांसाठीचा) क्लास आला आणि तो मला अजूनही सगळ्यात आवडतो. कागदावर दुबळा, २० व्या लेव्हलला पोचूनही पाचव्या लेव्हलचेच स्पेल. पण यादी बघ त्याची. एकाच माणसाकडे क्युअर लाइट वूंड्स पण आणि लाइटनिंग बोल्ट पण, स्लीप आहे, वेब आहे, अ‍ॅनिमेट डेड आहे, आणि दुसऱ्या लेव्हलला फॅमिलियर (जादूचा साथीदार प्राणी) मिळतो. हा ना क्लेरिक ना विझार्ड. टोळीत एकच जाणता असेल तर तो असाच असणार, बाळंतपण पण तोच करणार आणि वीज पण तोच पाडणार. ५ ई मध्ये एनपीसीला क्लासच्या यादीची सक्ती नाहीये, तेव्हा बिनधास्त मिसळ कर.

चौथ्या आवृत्तीला लोक नावं ठेवतात पण राक्षसी जमातींचे जादूवाले त्यांनी जसे रंगवले तसे आधी कुणी नाही रंगवले. गॉब्लिन हेक्सर घे. त्याचा एक हेक्स (शाप) असा की लागल्यावर तुम्ही तुमच्या टर्नमध्ये हललात तर डॅमेज, उभे राहिलात तर काही नाही. आणि त्याच्यावर कुणी लांबून नेम धरला की तो शेजारच्या गॉब्लिनला पुढे करतो, बाण त्याला लागतो. तुझ्या रोगवर हाच उतारा आहे बघ. २०१४ च्या पुस्तकात गॉब्लिन बॉसला जवळपास अशीच रिअ‍ॅक्शन आहे, म्हणजे शत्रूच्या टर्नमध्येच शेजारच्याशी जागा बदलायची आणि वार त्याच्या माथी. ती उचल आणि शामनला लाव. लिझर्डफोकमध्ये मात्र कुणी ढकलायची गरज नाही, पहारेकरी स्वतःहून मध्ये येतात असं दाखव, म्हणजे टोळीचा स्वभाव पण दिसेल.

वीसबाजू

दोघांनी लढाईचं सांगितलं. मी म्हणेन लढाई बाजूला ठेव आणि आधी हे ठरव की हा मेला तर टोळीचं नेमकं काय अडतं. स्पेलची यादी तिथून सुरू कर.

प्लँट ग्रोथच घे, खडूसने त्याचा सापळा केला. पण त्या स्पेलचा दुसरा उपयोग आहे जो टेबलवर कुणी वापरत नाही. आठ तास लावून टाकला तर अर्ध्या मैलाच्या रेडियसमधली सगळी झाडंपिकं वर्षभर नेहमीच्या दुप्पट अन्न देतात. आता विचार कर, दलदलीच्या कडेला माणसांचं गाव आहे, त्यांच्या शेतांवर हा शामन दर वर्षी येऊन आठ तास बसतो आणि बदल्यात गाव दलदलीत शिकारीला येत नाही, किंवा धातूची हत्यारं देतं, किंवा नुसतं गप्प बसतं. हे फक्त गावच्या म्हातारीला आणि शामनला माहीत. पार्टीला ज्याने पैसे देऊन पाठवलंय त्याला माहीतच नाही. पार्टीने शामन मारला की पुढच्या हंगामात गावाचं पीक निम्म्यावर. घे तुझा पुढचा भाग.

बोलायला लावायचं असेल तर ऑगरी हा सोन्यासारखा स्पेल आहे. आय ऑफ ग्रूम्शकडे आहेच, लिझर्डफोकला देऊन टाक. पुढच्या अर्ध्या तासात आपण जे करणार ते शुभ की अशुभ, एवढंच कळतं. सरदार विचारतो हल्ला करू का, शामन हाडं टाकतो, अशुभ. सरदाराला ते पटत नाही, तो म्हणतो परत टाक. आणि २०१४ च्या नियमात लाँग रेस्टच्या (मोठ्या विश्रांतीच्या) आत दुसऱ्यांदा टाकलं की २५ टक्के शक्यता असते उत्तर काहीही येण्याची, तिसऱ्यांदा ५० टक्के, आणि फासा डीएम गुपचूप टाकतो. म्हणजे शामनला माहीत आहे की दुसऱ्या कौलावर भरवसा नाही, सरदाराला ते ऐकायचं नाही, आणि पार्टी शेजारच्या बांबूच्या पिंजऱ्यात बसून हे सगळं बघतेय. माझ्या टेबलवर हा प्रसंग ऑर्कांसोबत चालवला होता, बार्डने पिंजऱ्यातूनच शामनची बाजू घेऊन सरदाराशी भांडायला सुरुवात केली. आख्खं सेशन एकाही इनिशिएटिव्हशिवाय (लढाईचा क्रम ठरवणारा फासा) गेलं.

आणि हो, डॅमेज न करता टोळीला भयंकर करणारा स्पेल हवा असेल तर पास विदाउट ट्रेस, जो सगळ्यांना लपायला मदत करतो. साध्या गॉब्लिनचं स्टेल्थ (लपणं) +६, त्यात हा +१०. चौथ्या लेव्हलच्या पार्टीत कुणाचं पॅसिव्ह पर्सेप्शन (आपोआप लक्षात येण्याचा आकडा) त्याच्या वर जाणार आहे? जपून मात्र, सरप्राइज राऊंडमध्ये माणसं मरतात. नवीन २०२४ च्या नियमात सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हांटेज, तिथे एवढं जीवघेणं नाही होत.

मधली_रांग

ओली_गुहा, तुझ्याच प्रश्नात पिसं, काठी, कवटी आलंय. प्लेअरना ते चित्र बघताक्षणी कळतं की हा कोण आणि याला आधी मारायचा, कारण आपणच ते तसं ठेवलेलं असतं. आणि ते चित्र काही आकाशातून पडलेलं नाही, खऱ्याखुऱ्या माणसांच्या समाजांकडे बाहेरच्यांनी वरून बघून काढलेलं जुनं चित्र आहे, विच डॉक्टर हा शब्दसुद्धा त्याच नजरेने वापरला गेला. डी अँड डीच्या कंपनीने स्वतः जून २०२० मध्ये जाहीर लिहिलं होतं की ऑर्क आणि ड्राऊ (जमिनीखालचे एल्फ) यांना सरसकट दुष्ट दाखवणं खऱ्या जगातल्या वंशभेदाच्या वळणावर जातं आणि ते बदलणार. पुढे २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये ऑर्क खेळता येणारी जमात म्हणून आले आणि नंतरच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्यांचा वेगळा स्टॅट ब्लॉकच उरला नाही.

मला त्यातलं भाषण नकोय, उपयोग हवाय. त्या जमातीच्या शरीरातून आणि जागेतून जादूवाला घडव. लिझर्डफोकला भावना माणसांसारख्या नसतात असं पुस्तकच म्हणतं, मग त्यांचा शामन धूप-डमरू-आरडाओरडा का करेल? तो शांत असेल. एखाद्या कामाची यादी वाचावी तसा स्पेल म्हणेल. कुओ-टोआ (मासेमाणसं) घे, त्यांचं तर सगळं विलक्षण, पुरेशा जणांनी वेड्यासारखा विश्वास ठेवला तर नसलेला देव खरोखर उभा राहतो, ब्लिबडूलपूल्प अशीच जन्मली. तिथल्या आर्चप्रीस्टची ताकद कुठून येते हा प्रश्न प्लेअरनी विचारला तर तुझ्याकडे उत्तर तयार असेल. ऑर्कांमध्ये युर्ट्रस या देवाचे पुजारी बघ, ते बोलूच शकत नाहीत आणि त्यांच्या स्पेलना आवाजाची गरज नाही. सायलेन्स टाकून गप्प करायला गेलेल्या विझार्डचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खडूस_कोबोल्ड

@मधली_रांग अर्धं पटलं. पण गॉब्लिन हे गॉब्लिनच, माणसांवरचा लेख नव्हे. कधीकधी प्लेअरना शनिवारी रात्री एक भीतीदायक कवटीवाला हवा असतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. प्रत्येक खलनायकाला शेतीविषयक करार कशाला हवा?

मधली_रांग

कुणी काढून घेत नाहीये तुझा कवटीवाला. पण तिने विचारलंय की हा विझार्डपेक्षा वेगळा कसा वाटेल, आणि कवटी हे उत्तर तिने आधीच करून बघितलंय.

जुनी_आवृत्ती

भांडू नका, गॉब्लिनांचंच घ्या. २०१६ च्या व्होलोज गाइडमध्ये बूयाग म्हणून प्रकार आहे, एकाच टोळीत जादू किती वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकते ते बघा. एकाने विझार्डचं स्पेलबुक चोरलं आणि त्यातून जमेल तेवढं शिकला. एकाला जादूची वस्तू सापडली. एकाला माग्लुबियेटने निवडलं. एक कुणा हॅगचा (चेटकिणीचा) वगैरे गुलाम आहे आणि ताकद तिची. आणि एक जन्मजातच तसा, त्याने स्पेल टाकला की दर वेळी वाइल्ड मॅजिक सर्ज (जादूचा बेभरवशाचा उद्रेक). हे पाचही कवटी लावून फिरू शकतात, पण यातला कोणता आहे यावर तो घाबरणार कशाला, विकला जाणार कशाला, पळून जाणार कधी, हे सगळं ठरतं. स्पेलबुकवाल्याचं पुस्तक पळवा, तो शरण. गुलामाशी बोलणी करा, पण हॅग ऐकतेय. खडूसची भीती पण राहते आणि मधलीचा वेगळेपणा पण.

डी अँड डीच्या बाहेर बघायचं तर रूनक्वेस्ट. तिथे ट्रोलांपासून माणसांपर्यंत सगळ्यांकडे शामन असतात आणि शामन म्हणजे स्पेल स्लॉटवाला (मोजके स्पेल टाकणारा) नाहीच, त्याचा एक फेच म्हणून आत्मा असतो, तो आत्म्यांच्या जगात जातो, तिथे सौदे करतो, तिथे लढतो. ओळख तिथून येते. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतला गॉब्लिन वॉर चँटर पण बघून ठेव, तो गाऊन बाकीच्यांना चढवतो, म्हणजे त्याला न मारता नुसतं गप्प केलं तरी लढाई फिरते. तुझ्या बार्डला त्याच्यासमोर उभा कर एकदा.

ओली_गुहा

अरे वा, एवढं येईल वाटलं नव्हतं. वीसबाजूचा शेतीचा करार मी सरळ उचलतेय, गावची म्हातारी आमच्याकडे आधीपासून आहेच आणि तिला अजून काही काम नव्हतं. शामन म्हातारी मादी करते, पिसं नाहीत, अंगावर शेवाळ, आणि मधली_रांग म्हणते तशी शांत. पार्टी आली तर ती आधी विचारेल की तुम्हाला कुणी पाठवलं आणि किती पैसे दिले. हल्ला झाला तर प्लँट ग्रोथ आणि पाण्याखाली. पहारेकऱ्याची रिअ‍ॅक्शन पण लावते, पण एका पहारेकऱ्याला एकदाच, नाहीतर रोगवाला वैतागेल.

दोन शंका. ती मेलीच तर टोळीत दुसरं कुणी असावं का, की नकोच? आणि हीट मेटल टाकल्यावर पॅलाडिनने सरळ पाण्यात उडी मारली तर? तो मारणारच, ओळखते मी त्याला.

वीसबाजू

दुसरं कुणी असावं, पण अर्धवट शिकलेलं. एक पोर ठेव जिला प्रोड्यूस फ्लेम आणि फॉग क्लाउड एवढंच येतं, प्लँट ग्रोथ यायला अजून बरीच वर्षं आहेत. म्हणजे टोळी संपत नाही पण करार मोडतो. आणि म्हातारी मेल्यावर पोर लढत नाही, फॉग क्लाउड टाकते आणि सगळ्यांना घेऊन पळते. पार्टीने पोरीला पकडलं तर काय करायचं हे त्यांनाच ठरवू दे, तू काही सुचवू नकोस.

खडूस_कोबोल्ड

उडीचं उत्तर: नियमात पाण्याने हीट मेटल विझतं असं काही नाही. स्पेल चालू आहे तोवर धातू तापलेलाच, पाणी असो नसो. पण टेबलवर ते सांगितलंस तर वाद होणार. मी पाण्यात पूर्ण बुडलेल्याचं त्या टर्नचं डॅमेज अर्धं करतो, वाफ निघते म्हणून सांगतो, सगळे खूश. आणि तसंही तो उडी मारतोय कुठे बघ, त्या पाण्यात मगर आहे.